नववीला ‘श्यामची आई’ गटचर्चेतून घ्यायची आहे, पण चर्चा ‘आई थोर होती’वरच संपते

काळीमाती:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अनुदानित शाळेत नववीला मराठी शिकवते. वर्ग चाळीसचा, बावीस मुली आणि अठरा मुलं. कुमारभारतीच्या जोडीला एक आख्खं पुस्तक वर्गात वाचून घ्यायचं ठरलंय. शनिवारी सकाळच्या शाळेत सलग दोन तासिका मिळतात, म्हणजे सत्तर मिनिटं. पुस्तक ‘श्यामची आई’. मी व्याख्यान द्यायचं नाही, पोरांनी गटात बोलायचं, असं हवंय.

अडचणी बऱ्याच आहेत. ग्रंथालयात चारच प्रती, त्यातल्या दोन सुट्या झालेल्या. गट पाडले की प्रत्येक गटात एकच जण बोलतो. बाकीचे मान हलवतात आणि ‘आई थोर होती, आपणही आईचं ऐकलं पाहिजे’ असं म्हणून दोन मिनिटांत मोकळे होतात. सात-आठ जणांना सलग वाचता येत नाही. कोकणातलं घर, कोकणातले शब्द. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. आणि सगळ्यात मोठी भीती कर्जाच्या प्रकरणाची. वर्गात कोणाच्या घरी काय झालंय ते गावात सगळ्यांना माहीत असतं. ते प्रकरण घ्यावं की गाळावं?

ज्यांनी गटचर्चा नीट चालवल्या आहेत त्यांनी बारीकसारीक सांगावं. ‘मुलांना बोलतं करा’ एवढं मलाही माहीत आहे. :)

निंबाखालचा_वर्ग:

मॅडम, आधी प्रतींचं, कारण ते सोपं आहे. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून मूळ मजकूर मोकळा झाला. मराठी विकिस्रोतावरून घ्या आणि हवी तेवढी प्रकरणं छापा. बाजारातल्या नव्या आवृत्तीची पानं मात्र तशीच झेरॉक्स करू नका, तिच्यातली चित्रं आणि प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असू शकतात. दोघांत एक प्रत पुरते, म्हणजे वीस संच. उजवीकडे चार बोटं समास सोडा आणि दर पाचव्या ओळीला क्रमांक टाका. क्रमांक नसले तर ‘कुठे लिहिलंय?’ विचारलं की आठही गट पानं उलटत बसतात.

या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. बेचाळीसही रात्री घेऊ नका, दहा घ्या: १ सावित्री-व्रत, ७ पत्रावळ, १२ श्यामचे पोहणे, १८ अळणी भाजी, २५ देवाला सारी प्रिय, २६ बंधुप्रेमाची शिकवण, २९ मोठा होण्यासाठी चोरी, ३२ कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, ३७ अब्रूचे धिंडवडे, ४१ भस्ममय मूर्ती. क्रम बदलू नका. मधल्या रात्रींत काय झालं ते तुम्ही दोन मिनिटांत तोंडी सांगा. जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू केलं तर सुट्ट्या धरून सप्टेंबरच्या शेवटाला उरकतं. त्यापुढे ढकलू नका. सोयाबीन काढणी लागली की वर्ग अर्धा होतो, आणि मागोमाग कापूस वेचणी येते तेव्हा मुली आधी गायब होतात.

ही यादी अशीच का, ते तुमच्या मुख्य दुखण्याशी जोडलेलं आहे. चर्चा ‘आई थोर’वर संपते, कारण आपण प्रश्नच आईबद्दल विचारतो. ‘या पाठातून आईचे कोणते गुण दिसतात?’ याला उत्तर एकच असतं आणि ते चाळीसही पोट्ट्यांना पुस्तक न उघडता येतं. प्रश्न श्यामबद्दल विचारा. हा पोरगा सावित्री-व्रताच्या दिवशी आजारी आईसाठी वडाला प्रदक्षिणा घालायला लाजतो, कारण मित्र हसतील. त्याला पत्रावळ लावता येत नाही. पोहायच्या भीतीने तो लपून बसतो. पुस्तकं वाचून मोठं व्हायचं म्हणून तो चक्क चोरी करतो. हे सगळं नववीच्या पोरांच्या ओळखीचं आहे. यादीतल्या शेवटच्या प्रकरणात तो पोचायच्या आधी आई गेलेली असते, आणि तोवर तो त्या पहिल्या रात्रीचा श्याम उरलेला नसतो. दहा शनिवार मिळून एकच मोठा प्रश्न ठेवा: श्याम कुठे बदलला, आणि कोणामुळे? फळ्याच्या कोपऱ्यात तो कायम लिहून ठेवा.

आता सत्तर मिनिटं. पहिली पाच मागच्या वेळचं आठवायला. पुढची वीस वाचनाला: एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी समासात पेन्सिलने खुणा करायच्या. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथे फुली, आपल्या गावात असंच असतं वाटलं तिथे गोल. तीनच खुणा ठेवा, चौथी दिली की पोरं खुणांची नक्षी काढतात. मग पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने वहीत एक प्रश्न लिहायचा. ही पाच मिनिटं वेळ वाचवायला कापू नका. लिहिलेलं काही हातात नसेल तर मुखदुर्बळ पोर तोंड उघडत नाही, आणि बोलघेवड्याला रान मोकळं मिळतं. त्यानंतर वीस मिनिटं गटात, पंधरा मिनिटं सगळ्या वर्गासमोर, उरलेली पाच वही लिहायला.

गट पाचांचे. चारांत एक गैरहजर राहिला की गट मोडतो, सहांत दोघं हमखास आपसात गप्पा मारतात. तुमच्या आकड्यांत सहा गट तीन मुली-दोन मुलं आणि दोन गट दोन मुली-तीन मुलं असे बरोबर बसतात. चार मुलांत एक मुलगी कधीच टाकू नका, ती पूर्ण वेळ पान बघत राहते. गट तुम्ही पाडा. पोरांवर सोडलं तर ते टोळ्याप्रमाणे, वस्तीप्रमाणे बसतात, आणि त्यात काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. चार शनिवार एक गट, मग बदल.

कामं पाच: वाचणारा, प्रश्न मांडणारा, ओळ दाखवणारा (कोणी काही म्हटलं की ‘ओळ कोणती?’ विचारायचं), उलट बोलणारा आणि वेळ बघणारा. उलट बोलणारा सगळ्यात महत्त्वाचा. त्याला पटो न पटो, गटाचं जे मत होईल त्याच्या विरुद्ध एक तरी मुद्दा त्याने काढायचाच. ‘आई थोर होती’ ही गाडी तिथेच अडते. दर शनिवारी कामं फिरवा. तीन-चार वेळा झाल्यावर कामं काढून टाका, नाहीतर प्रत्येक जण आपलं वाक्य म्हणतो आणि मोकळा होतो. तोवर सवय लागलेली असते.

गटाचं म्हणणं वर्गाला कोण सांगणार, हे आधी ठरवू नका. वीस मिनिटं संपल्यावर चिठ्ठी काढा. आधी ठरवलं की बाकीचे चौघं निवांत होतात.

एकटा बोलणारा आवरायला चिंचोके वापरा, प्रत्येकाला तीन. बोललं की एक मध्ये टाकायचा, तिन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत थांबायचं. पोरं पहिल्याच दिवशी पळवाट काढतात: ‘हो, बरोबर’ म्हणून चिंचोका टाकतात. म्हणून नियम करा की नुसत्या होकाराला चिंचोका नाही, कारण किंवा ओळ सांगितली तरच. दोन-तीन आठवड्यांनी चिंचोके बंद करा, एरवी सगळं लक्ष मोजण्यात जातं.

प्रश्न कसे, त्याचे दोन नमुने देतो. पोहण्याच्या प्रकरणात श्याम लपतो, आई त्याला शोधून मारते आणि विहिरीवर पाठवते, नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिलाच भरून येतं. ‘आईने का मारले?’ हा मेलेला प्रश्न, उत्तर छापलेलंच आहे. ‘मार न खाता श्याम पोहायला शिकला असता का? पुस्तकातली कोणती ओळ तुमच्या बाजूने आहे?’ हा चालतो. तिथे कोणी तरी म्हणतंच, ‘मग सर मारतात तेही बरोबर का?’ पळू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा द्यायला बंदी आहे, हे सरळ सांगा आणि पुन्हा गटाकडे सोपवा. अळणी भाजीत तर फार मजा आहे. भाजीत मीठ नाही, वडील बोलत नाहीत म्हणून पोरंही बोलत नाहीत, आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ‘गप्प राहणं हे प्रेम की खोटं बोलणं?’ यावर वर्ग सरळ दोन भागांत फाटतो. गटचर्चा कशी असते हे दाखवायला मी हेच प्रकरण वापरेन. सुरुवातीला एका गटाला मध्ये बसवा, बाकीच्यांना भोवती गोल उभं करून दहा मिनिटं नुसतं ऐकायला लावा, आणि ‘कोणी कोणाचा मुद्दा पुढे नेला?’ एवढंच विचारा.

तुम्ही स्वतः गटात बसू नका. बसलात की पाचही जण तुमच्याकडे बघून बोलतात. पाठीमागून हळूच फिरा, वहीत ऐकलेली वाक्यं टिपा, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तीच वाक्यं वर्गापुढे टाका. ‘तिसऱ्या गटात एक जण म्हणाला...’ असं ऐकलं की बाकीचे ताडकन सरसावतात. नाव नका घेऊ.

राहिला पाऊस. टिनाच्या छताखाली जुलैत सर आली की आठ गट एकमेकांवर ओरडतात. तशा दिवशी कागद फिरवा: पाच जण, एक कागद, प्रत्येकाने तीन मिनिटांत दोन-तीन वाक्यं लिहून डावीकडे द्यायचा, पुढच्याने आधीच्याला उत्तर द्यायचं. एक फेरा पंधरा मिनिटांत होतो. कधी कधी तोंडी चर्चेपेक्षा हेच बरं निघतं.

झाडीपट्टी:

निंबाखालच्या सरांनी बरंच सांगून टाकलं, मी वाचता न येणाऱ्या पोरांबद्दल आन भाषेबद्दल बोलतो.

ज्याला सलग वाचता येत नाही त्याला वर्गात पहिल्यांदाच वाचायला लावू नका. शुक्रवारी तुमच्याच आवाजात मोबाइलवर प्रकरण भरा आणि ते गावच्या गटावर टाका. ज्याच्या घरी फोन नाही त्याला मधल्या सुटीत शाळेतल्या स्पीकरवर ऐकू द्या. शनिवारी त्याच्या हातात आख्खं प्रकरण न देता एक परिच्छेद द्या, तोच जो आदल्या दिवशी त्याने ऐकलाय. वेग हळू ठेवा. आपण शिक्षक लोक वाचताना पळतो.

बोलण्याची भाषा मोकळी सोडा. वऱ्हाडी, झाडी, गोंडी मिसळून, काहीही. ‘काहून लपला तो?’ असं पोट्टं विचारून राहिलं तर ‘का लपला असे म्हण’ म्हणून त्याला दुरुस्त करू नका, त्यापुढे ते गप्प बसते. प्रमाण भाषा शेवटच्या पाच मिनिटांच्या वहीपुरती.

कोकणी घराच्या शब्दांसाठी यादी पाठ करून घेऊ नका. घराचा एकच मोठा आराखडा कागदावर काढून भिंतीला लावा: ओटी, पडवी, माळा, माजघर, विहीर, गोठा. प्रकरण वाचताना प्रसंग कुठे घडतो तिथे पोरांनी चिठ्ठी चिकटवायची. दहा प्रकरणांत घर आपोआप कळते. खोत मात्र समजावून सांगावा लागतो, कारण श्यामच्या घराची आधीची ऐपत आणि नंतरची उतरण त्यावरच उभी आहे. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. वऱ्हाडातल्या पोरांना पाटील-देशमुख सांगितलं की अंदाज येतो, पण दोन्ही एकच आहेत असं सांगू नका.

पत्रावळीच्या प्रकरणाला तर आपल्याकडे जेवढी सोय आहे तेवढी पुण्या-मुंबईच्या शाळेत नाही. पळसाची पानं आणा, बारीक काड्या आणा, आन चर्चेच्या आधी पंधरा मिनिटं प्रत्येकाला एक पत्रावळ लावायला सांगा. ताजं पान घ्या, वाळलेलं टोचताना फाटते. मोठी तीन-चार पानं खाली, टोकं बाहेर, मग वरून भरत जायचं, टाके जवळ जवळ. अर्ध्या वर्गाला येत नाही, आणि ज्याला येते तो बहुतेक वाचनात मागे असणारा असतो. गट त्या दिवशी वेगळेच बोलतात.

पैनगंगा_काठ:

कर्जाचं प्रकरण गाळू नका, पण तयारीशिवाय घेऊही नका. गाळलं तर ३७ वं प्रकरणही गाळावं लागेल, आणि मग श्यामचं घर कशाने खचलं तेच पोरांना कळणार नाही. उरतं ते फक्त संस्काराचं पुस्तक.

आधी प्रकरणात काय आहे ते तुम्ही स्वतः दोनदा वाचा. बत्तिसाव्या रात्री सावकाराचा माणूस वसुलीला येतो, घरात ठाण मांडतो, श्यामच्या आईबद्दल अपमानाचं बोलतो, आणि आई बाहेर येऊन त्याला सुनावते. सदतिसाव्या रात्री घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. आपल्या भागातल्या मुलांना यातला अपमान समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच पुढच्या गोष्टी पाळा.

‘तुमच्या घरी किंवा गावात असा प्रसंग घडला आहे का?’ हा प्रश्न तोंडी नाही, लेखी नाही, गृहपाठातही नाही. एरवी कुठल्याही पुस्तकाला आपण पहिला हाच प्रश्न लावतो आणि इथे तोच घातक आहे. समासातली गोलाची खूण या दोन प्रकरणांपुरती बंद करा, ‘आपल्या गावात असंच असतं’ हे इथे कोणी कागदावर उमटवू नये. नाट्यीकरण नको. वसुलीवाल्याची भूमिका करणाऱ्या पोराला वर्ग टाळ्या देतो आणि समोर बसलेल्या कोणाला तरी तो आवाज ओळखीचा असतो. मोठ्याने वाचन मुलांकडून न घेता स्वतः करा, सपाट आवाजात, अभिनय न करता.

आदल्या शनिवारी जाताना सांगा की पुढच्या वेळी कर्जाचं प्रकरण आहे, ज्याला गटात बसायचं नसेल त्याने काही कारण न सांगता ग्रंथालयाचं काम घ्यावं. एकाच पोराला बाजूला बोलावून ‘तू नको बसू’ म्हणू नका, त्याने सगळ्यांचं लक्ष त्याच्याचकडे जातं. दोन-तीन खरी कामं तयार ठेवा, म्हणजे बाहेर जाणारा एकटा पडत नाही.

चर्चा घरावर न ठेवता व्यवहारावर ठेवा. गटाला कागद द्या: कर्ज कोणी घेतलं, कशासाठी, घरातल्या कोणाला आधी माहीत होतं, कोणाला विचारलं नव्हतं, वसुलीच्या वेळी घरात कोण कुठे उभं होतं. सगळी उत्तरं पुस्तकातून, ओळ क्रमांकासह. ‘विचारलं कोणाला नव्हतं’ इथे मुली बोलायला लागतात, कारण कागद नवऱ्याच्या नावाने आणि दारात उभं राहून बोलणं ऐकायचं बाईने, हे त्या प्रकरणात उघड दिसतं. शेवटी आजचा कायदा दोन वाक्यांत सांगा: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या तालुक्याच्या कार्यालयात करता येते. पोरांना हे घरी सांगण्यासारखं वाटतं.

फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पहिल्या शनिवारपासूनच १०९८ (मुलांसाठी मदत) आणि १४४१६ (टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी) हे दोन क्रमांक लिहून ठेवा. कर्जाच्या प्रकरणाच्या दिवशीच लिहिले तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. आणि कर्जाच्या तासाला वर्ग सुटल्यावर लगेच निघून जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटं वर्गातच वह्या आवरत थांबा. बोलायचं असेल ते पोर तेव्हाच येतं. ‘कर्ज काढणं वाईट’ हा निष्कर्ष फळ्यावर लिहू नका. पेरणीला पीककर्ज घेणाऱ्या बापाची पोरं समोर बसलेली असतात.

काळीमाती:

सगळ्यांचे खूप आभार. गोलाची खूण बंद करायची हे मला सुचलंच नसतं. निंबाखालच्या सर, तुमच्या यादीत २५ वी रात्र आहे. तीत जातिवाचक शब्द आहे, आणि मोळी उचलून दिल्यावर श्यामला आंघोळ करायला सांगितलं जातं. माझ्या वर्गात निम्मी मुलं बौद्ध आहेत. ते कसं घ्यायचं? आणि १९५३ चा सिनेमा आधी दाखवू का, म्हणजे गोष्ट कळेल?

रमाईनगर:

पंचविसावीबद्दल मी लिहिते, कारण हेच प्रकरण बहुतेक ठिकाणी सगळ्यात गोड करून आणि सगळ्यात वाईट शिकवलं जातं.

प्रकरण असं: एका म्हाताऱ्या अस्पृश्य बाईची लाकडांची मोळी खाली पडते, कोणी हात लावत नाही, आई श्यामला जाऊन मोळी तिच्या डोक्यावर द्यायला सांगते, आणि परत आल्यावर आंघोळ कर असंही सांगते. पहिलं अर्धं सांगून ‘बघा किती उदार’ म्हणून पुढे गेलात तर वर्गातल्या निम्म्या मुलांना तुम्ही दुसरं अर्धं गिळायला सांगताय. गाळलंत तरी तेच होतं. त्यामुळे प्रश्न सरळ त्या आंघोळीवरच ठेवा: आई कुठपर्यंत पोचली, आणि कुठे थांबली? मोळीवाल्या म्हातारीच्या बाजूने हा प्रसंग सांगायचा तर तो कुठून सुरू होईल? हा दुसरा प्रश्न लेखी घ्या, अर्धं पान, आणि कोणालाही वाचून दाखवायची सक्ती नको.

जातिवाचक शब्दाचं: तो छापील मजकुरातून खोडू नका, पण तोंडाने तुम्हीही उच्चारू नका आणि मुलांकडूनही नको. वाचनाआधी एका वाक्यात सांगा की हा शब्द त्या काळी बोलला जात होता, आज तो अपमान आहे, आपण ‘ती म्हातारी’ म्हणू. हे आधी सांगितलं नाही तर वाचणारं पोर तिथे अडखळतं, कोणी तरी हसतं, आणि तास हातातून जातो. या दिवशी वाचन शिक्षकानेच करावं.

मग काळाची पट्टी द्या, ती या पुस्तकाला फार चपखल बसते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, तोही कोकणातलाच. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलं ते नाशिकच्याच तुरुंगात. म्हणजे बाहेर गावात मंदिराच्या दाराचा झगडा चालू आणि आत हा माणूस आपल्या लहानपणची मोळीची आठवण लिहितोय. १९४७ च्या मे महिन्यात त्याच साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, जे तुमच्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. पट्टी भिंतीवर लावा आणि विचारा: श्यामची आई, मोठा झालेला श्याम, बाबासाहेब, यांच्या मागण्या सारख्या आहेत का? मुलं म्हणतात, नाहीत. दया आणि हक्क यातला फरक त्यांना स्वतःहून काढू द्या.

त्या दिवशी गट बदलायचा आठवडा येऊ देऊ नका. चार शनिवार एकमेकांची सवय झालेल्या गटातच हे बोलणं होतं. सरांच्या क्रमाप्रमाणे २५ वी रात्र पाचव्या शनिवारी येते, नेमकी बदलाच्या दिवशी. पहिला बदल सहाव्याला करा. आणि एक सांगू का, ‘तुमच्या समाजाबद्दल तू सांग’ असं कुठल्याही मुलाला कधीही म्हणू नका. तो श्यामबद्दल बोलायला आलाय, प्रतिनिधी म्हणून नाही.

निंबाखालचा_वर्ग:

रमाईनगर ताई, गट बदलाचं बरोबर आहे, सहाव्यालाच करावा. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

सिनेमा आधी अजिबात नको. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा मोठा आहे, १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, पण तो आधी पाहिला की पोरांच्या डोक्यात आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा बसतो आणि चर्चा पुन्हा आईवर जाते. सगळं झाल्यावर, यादीतल्या दहाही रात्री संपल्यानंतरच्या शनिवारी दाखवा. तेव्हा ‘सिनेमाने काय गाळलं?’ या एका प्रश्नावर आख्खा तास निघतो.

काळीमाती:

शेवटचं विचारते. मुख्याध्यापक म्हणतात, याचे गुण कुठे धरणार? अंतर्गत मूल्यमापनात दाखवायचं तर कागद लागेल.

निंबाखालचा_वर्ग:

कागद आहेच, वहीचं शेवटचं पाच मिनिटांचं पान. दहा शनिवारांची दहा पानं. प्रत्येक पानावर तीनच गोष्टी लिहून घ्या: माझा प्रश्न, गटातल्या दुसऱ्या कोणाचा तरी मुद्दा त्याच्या नावासह, आणि माझं मत बदललं का व कोणत्या ओळीमुळे. गुण यालाच द्या. किती वेळा बोलला याला गुण देऊ नका, त्याने चिंचोक्यांचा बाजार पुन्हा सुरू होतो. दुसऱ्याचा मुद्दा लिहायला लावला की एकमेकांचं ऐकतात, आणि कोण गप्प बसलंय तेही तुम्हाला वह्यांतूनच कळतं: ज्याचं नाव चार आठवडे कोणाच्याच वहीत आलं नाही, पुढच्या गटात त्याला प्रश्न मांडणारा करा.

दर आठवड्याला चाळीस वह्या तपासत बसू नका, दोन गटांच्या दहा तपासा, आळीपाळीने. चार आठवड्यांत सगळ्या होतात. गैरहजर पोराला पान कोरं सोडू द्या, घरून लिहून आणायला लावलं तर दुसऱ्याचं उतरवून आणतं. आणि झेरॉक्सचे संच दर शनिवारी परत गोळा करा, खुणांसकट. घरी गेले की सोमवारी त्यातले निम्मे दप्तरात चुरगळलेले असतात.